जॉश गिब्सनचे होमरन नक्की किती? नीग्रो लीग्जच्या आकड्यांबद्दल प्रश्न

टिपणवही:

दिवाळी अंकासाठी नीग्रो लीग्जवर (मेजर लीगची दारं बंद असताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बेसबॉल लीग्ज) छोटं टिपण लिहायचं आहे. डोकं क्रिकेटवर घडलेलं, म्हणून जाणकारांना विचारतो.

मे २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने (तिथली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) नीग्रो लीग्जचे आकडे आपल्या आकडेवारीत धरले आणि कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या (.३६७) वर नीग्रो लीग्जमधला जॉश गिब्सन (.३७२) जाऊन बसला, इथवर समजलं. पुढे गाडी अडते. कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याच्या नावाची जी पाटी आहे तिच्यावर होमरन (आपल्या सिक्सरसारखे भिंतीपलीकडचे फटके) 'जवळजवळ ८००', आणि नव्या अधिकृत यादीत पावणेदोनशेच्या आसपास. बाकीचे सहाशे गेले कुठे? होमरनमध्ये एवढी तफावत असेल तर सरासरीवर तरी विश्वास कसा ठेवायचा?

दुसरं, 'या लीग्जच्या नोंदी ठेवल्याच गेल्या नाहीत' हे वाक्य जिथे तिथे दिसतं. मग २०२४ साली आकडे आले कुठून?

आणि 'जॅकी रॉबिन्सन (आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय) १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्समध्ये गेला आणि या लीग्ज बंद पडल्या' असं एका वाक्यात लिहिलं तर चालेल का?

हिशेबनीस:

शेवटचं वाक्य तसं लिहू नका. त्यावर इथले दुसरे कुणीतरी सविस्तर लिहितीलच. मी होमरनकडे येतो.

पाटीवरचा मजकूर पुन्हा वाचा. तिथे 'लीग आणि स्वतंत्र बेसबॉलमध्ये' असं स्पष्ट म्हटलंय. सगळी मेख त्या 'स्वतंत्र'मध्ये आहे. गिब्सनची टीम, म्हणजे होमस्टेड ग्रेज किंवा पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, वर्षाला दीडशे-दोनशे सामने खेळायची, पण त्यातले लीगचे चाळीस ते ऐंशी. उरलेले गावोगावचे: कारखान्यांच्या टीम, गोऱ्यांच्या निमव्यावसायिक टीम, जत्रेतले सामने, हंगाम संपल्यावर मेजर लीगच्या खेळाडूंबरोबरचे दौरे. त्याला तिकडे बार्नस्टॉर्मिंग म्हणतात. आपल्या तमाशाच्या फडाचा दौरा डोळ्यांसमोर आणा: आज इथे, उद्या पन्नास मैलांवर, पैसा हातात आला की बस पुढे. ८०० हा आकडा या सगळ्यांची गोळाबेरीज आहे. अधिकृत यादीत फक्त लीगचे सामने धरलेत. म्हणजे दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवायचं कारण नाही. गिब्सन १९४० आणि १९४१ साली मेक्सिकोत खेळला, १९३७ साली काही काळ डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये होता, तेही अधिकृत यादीत नाही.

'लीग' म्हणजे कोणती, तेही ठरलेलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने सात लीग्जना बरोबरीचा दर्जा दिला: पहिली नीग्रो नॅशनल लीग (१९२०–३१), ईस्टर्न कलर्ड लीग (१९२३–२८), अमेरिकन नीग्रो लीग (१९२९), ईस्ट-वेस्ट लीग (१९३२, ही तर हंगाम अर्ध्यावर असतानाच मोडली), नीग्रो सदर्न लीग (१९३२ पुरती), दुसरी नीग्रो नॅशनल लीग (१९३३–४८) आणि नीग्रो अमेरिकन लीग (१९३७–४८). सुमारे ३४०० खेळाडू. या चौकटीबाहेरचं काही धरत नाहीत. हँक ॲरन १९५२ साली इंडियनापोलिस क्लाउन्सकडून खेळला, पण ते १९४८ नंतरचं, म्हणून त्याचे ७५५ होमरन ७५५ च राहिले. कॅन्सस सिटी मोनार्क्स १९३१ ते १९३६ कुठल्याच लीगमध्ये नव्हते, म्हणजे त्या काळातल्या एका तगड्या टीमची सहा वर्षं लीगच्या हिशेबाबाहेर.

आता सरासरी. क्रिकेटची सरासरी डोक्यातून काढा. इथे धावांचा संबंध नाही. हिट (फटका मारून सुरक्षित बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, पोचणं) भागिले अधिकृत पाळ्या, म्हणजे ॲट-बॅट. .३७२ म्हणजे हजार पाळ्यांत ३७२ हिट. वाचताना 'तीनशे बहात्तर' म्हणतात. चार खराब चेंडू सोडून मिळालेला वॉक पाळीत धरत नाहीत, सॅक्रिफाइस बंटही (साथीदाराला पुढच्या बेसवर नेण्यासाठी स्वतः बाद होऊन मारलेला हलका फटका) नाही. स्लगिंगमध्ये हिटऐवजी बेस मोजतात: सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३, होमरनला ४, आणि भागाकार त्याच पाळ्यांनी. यात गिब्सन .७१८, बेब रूथ .६९०. होमरनची बेरीज हंगाम किती सामन्यांचा त्यावर अवलंबून असते, सरासरीचा भागाकार तितका नसतो. म्हणून तुमच्या शंकेचं उत्तर असं की बेरजेच्या यादीत गिब्सन कधीच वर दिसणार नाही आणि दराच्या यादीत दिसेल.

एका हंगामाचा विक्रमही त्याचाच: १९४३, .४६६. त्याआधी ह्यू डफीचा १८९४ चा .४४० होता. इथे लोक ओरडतात की छोट्या हंगामात सरासरी फुगते. ओरड रास्त आहे. पण पात्रतेची अट सगळ्यांना एकच: टीमच्या दर सामन्यामागे बॅटिंगला ३.१ वेळा उभं राहणं. १५४ सामन्यांना ४७७, ६० सामन्यांना १८६. १८६ वेळांत नशीब जास्त खेळतं, हे गणित आहे आणि त्याला इलाज नाही. २०२० साली कोविडमुळे मेजर लीगचा हंगाम ६० सामन्यांचाच झाला आणि तो पूर्ण हंगाम म्हणून धरला गेला. त्यानंतर 'तुमचे हंगाम छोटे होते' म्हणायला तोंड उरलं नाही.

पाटीपूजन:

वरच्या प्रतिसादाला +१. शब्दांबद्दल दोन गोष्टी, कारण छापलं की परत घेता येत नाही.

'नीग्रो लीग' हे संस्थांचं त्या काळचं नाव, म्हणून विशेषनाम म्हणून तसंच ठेवा. माणसांसाठी तो शब्द वापरू नका. कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन-अमेरिकन लिहा. मराठीत 'नीग्रो खेळाडू' अजून सर्रास छापतात. टाळा.

बाल्टिमोरची टीम 'एलीट जायंट्स' नाही. ती मंडळी स्वतः 'ईलाइट' म्हणायची. देवनागरीत आपल्याला उच्चार लिहिण्याची सोय आहे तर बरोबर लिहू या.

कात्रणशास्त्री:

'नोंदी ठेवल्याच नाहीत' हे चूक. ठेवल्या, छापल्या, पण एका जागी जमा केल्या नाहीत. मेजर लीगला प्रत्येक सामन्याचा कागद मध्यवर्ती कार्यालयात जायचा. इथे कागद जायचा वर्तमानपत्राकडे: शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरिअर, बाल्टिमोरचा आफ्रो-अमेरिकन, कॅन्सस सिटी कॉल. ही सगळी प्रामुख्याने साप्ताहिकं. रविवारचा डबलहेडर (एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने) झोकात छापायचा, बुधवारच्या सामन्याची एक ओळ यायची किंवा तीही नाही. यजमान टीमने तार केली तर स्कोअर यायचा, आणि हरलेल्या सामन्याची तार करायला फारसा उत्साह कुणाला नसायचा. आधी काही संशोधकांनी एकेकट्याने आणि मग गटांनी मायक्रोफिल्मवरून हे बॉक्स स्कोअर वर्षानुवर्षं उतरवून काढले. २०२४ चे आकडे तिथून आलेत. १९२० ते ४८ मधलं सुमारे तीन चतुर्थांश काम हाती लागलंय असा मेजर लीगच्या इतिहासकारांचा अंदाज.

टिपणात हे काम कसं चालतं ते लिहिलंत तर वाचकाला विश्वास का ठेवायचा ते कळेल, म्हणून जरा सविस्तर.

बॉक्स स्कोअर म्हणजे सामन्याचा ताळेबंद. डावीकडे खेळाडूचं आडनाव आणि जागा, पुढे रकाने: पाळ्या, धावा, हिट, पुटआउट (बाद केलेले), असिस्ट (बाद करायला केलेली मदत), एरर (चुका). खाली बारीक टाइपात डबल, ट्रिपल, होमरन, वॉक, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद). ताळेबंद असल्यामुळे तो जुळवून बघता येतो. एका टीमच्या पाळ्या + वॉक + सॅक्रिफाइस + चेंडू अंगावर लागून मिळालेले बेस, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला त्याच टीमच्या धावा + बेसवर अडकून राहिलेले खेळाडू + समोरच्या टीमचे पुटआउट. दोन्ही सारखं यायलाच हवं, कारण बॅटिंगला आलेला प्रत्येक माणूस धाव काढतो, अडकतो किंवा बाद होतो. चौथा मार्ग नाही. समजा पाळ्या ३३, वॉक ४, सॅक्रिफाइस १, एकूण ३८. धावा ५, अडकलेले ६, पुटआउट २७, एकूण ३८. जुळलं.

सामना नऊ इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही टीम तीन-तीन बाद होईपर्यंत बॅटिंग करतात: वरच्या भागात पाहुणे, खालच्या भागात यजमान. नवव्या इनिंगच्या वरच्या भागानंतर यजमान पुढेच असतील तर ते शेवटची बॅटिंग करत नाहीत, तेव्हा समोरच्यांचे पुटआउट २४ येतात. खालच्या भागात एक बाद असताना विजयी धाव आली तर २५. आणि डबलहेडरचा दुसरा सामना बरेचदा सात इनिंगचाच ठेवत, म्हणजे २१. नवखा माणूस २१ बघून 'पान फाटलंय' असं समजतो.

न जुळण्याची कारणं ठरलेली. सगळ्यात मोठं म्हणजे वॉक छापलेलेच नसणं. मग अडकलेल्यांचा आकडाही नसतो आणि समीकरणाला दोन भोकं पडतात. अशा सामन्यातून हिट आणि पाळ्या घेता येतात, पण ऑन-बेस टक्केवारी (खेळाडू किती वेळा बेसवर पोचला) काढायची तर तो सामना धोक्याचा, कारण वॉक शून्य होते की छापले नाहीत हे कळत नाही. धावा कुणाच्या हिटवर आल्या, तो रकाना तर कित्येक पत्रांत नसेच. दुसरी चूक टाइप जुळवणाऱ्याची: एका खेळाडूच्या ओळीत ४-१-२ च्या जागी ४-२-१. ती धरायला हिटची बेरीज समोरच्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) दिलेल्या हिटशी आणि धावांची बेरीज इनिंगवार धावफलकाशी ताडायची. तरी नाही जुळलं तर दुसऱ्या गावचं पत्र शोधायचं. दोन पत्रांत दोन आकडे असतील तर जो ताळेबंदात बसतो तो घ्यायचा. जो आपल्या आवडत्या खेळाडूला उजवा दाखवतो तो नव्हे. हे हसण्यावारी नेऊ नका, जुन्या याद्यांत हे भरपूर झालेलं आहे.

नावांचा घोळ वेगळाच. बॉक्समध्ये फक्त आडनाव. 'बेल' म्हणजे सेंट लुइसचा जेम्स 'कूल पापा' बेल, की मोनार्क्सचा पिचर विल्यम बेल? टीमवरून कळतं, पण माणसं हंगामाच्या मध्यावर टीम बदलायची. 'क्यूबन स्टार्स' नावाच्या एकाच काळात दोन टीम होत्या, एक पूर्वेच्या लीगमध्ये आणि एक पश्चिमेच्या. 'जायंट्स'ची तर रांगच: शिकागो अमेरिकन जायंट्स, शिकागो जायंट्स, सेंट लुइस जायंट्स, लिंकन जायंट्स, अटलांटिक सिटीचे बॅकरॅक जायंट्स. पोस्टरवर 'जायंट्स' दिसलं की टीम कृष्णवर्णीयांची, हे प्रेक्षकांना न सांगता कळायचं. पण १९२० च्या शिकागोतल्या कात्रणात नुसतं 'जायंट्स' असेल तर आधी मैदान आणि पिचर बघा आणि मगच वहीत लिहा.

शेवटची आणि सगळ्यात वादाची पायरी: सामना लीगचा होता की प्रदर्शनीय? त्याच दोन टीम शनिवारी तिसऱ्याच गावात खेळायच्या आणि रविवारी घरच्या मैदानावर. शनिवारचा धरायचा का? गुणतक्त्यात जय-पराजय मोजला गेलाय का ते बघतात, पण गुणतक्तेही दर आठवड्याला छापून येत नसत. दोन प्रामाणिक संशोधकांचे आकडे वेगळे येतात ते बहुतेक इथे. म्हणून गिब्सनचे होमरन लिहिताना 'पावणेदोनशेच्या आसपास' हेच बरोबर आहे. नवं कात्रण सापडलं की तो आकडा हलतो.

हिशेबनीस:

कात्रणशास्त्रींच्या प्रतिसादात एक भर. आकडा बरोबर असला तरी मैदान बघा. सेंट लुइसच्या स्टार्स पार्कला डाव्या बाजूला ट्रामचा डेपो होता, त्यामुळे तिकडची भिंत अडीचशे फुटांच्या जरा पुढे. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे लांब फटके डावीकडेच जातात, त्यांची तिथे चंगळ. स्टार्सच्या विली वेल्सच्या १९२९ च्या होमरनच्या विक्रमाकडे बघताना हा डेपो विसरू नये. उलट ग्रेज १९४० च्या दशकात वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर घरचे कितीतरी सामने खेळले, तिथे डावीकडची हद्द चारशे फुटांच्या घरात. गिब्सन उजव्या हाताचाच. त्याचे होमरन वाचताना तेवढं मनात असू द्या.

पिचरचे आकडे अजून फसवे. सॅचल पेजचं नाव पोस्टरवर टाकलं की तिकिटं खपायची, म्हणून त्याला कित्येक सामन्यांत पहिल्या तीन इनिंग टाकायला लावत. सुरुवात करणाऱ्या पिचरला विजय मिळायला पाच इनिंग पूर्ण लागतात. म्हणजे तीन इनिंग एकही धाव न देता टाकल्या तरी विजयाच्या रकान्यात काही नाही. मेजर लीगच्या 'अमेरिकन लीग' या गटातले त्याचे विजय २८. तिथे तो क्लीव्हलँडकडून १९४८ साली, बेचाळीस वर्षांचा असताना उतरला. नीग्रो लीग्ज धरून सव्वाशेच्या आसपास. त्याची खरी भीती बॅटरला किती वाटायची हे विजयांवरून कळणार नाही, इनिंग आणि स्ट्राइकआउट बघा.

टिपणवही:

पायऱ्या कळल्या, आभार. पण मूळ प्रश्न पुढे सरकला. वेळापत्रकच इतकं विस्कळीत का? मेजर लीग १५४ सामने बिनबोभाट खेळत होती. या मंडळींना ते का जमू नये? आणि मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांवर बंदीचा नियम होता तो कोणत्या साली झाला?

गल्लापेटी:

आधी बंदी. मेजर लीगच्या नियमावलीत तसा नियम नव्हता. आयुक्त लँडिस यांनी तर १९४२ साली असा काही नियम नाही असं जाहीरपणे सांगितलं, आणि शब्दशः ते खरं होतं. होती ती मालकांमधली तोंडी समजूत. लेखी पुरावा हवा तर मागे जा: १८६७ साली हौशी क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना प्रवेश नाकारला. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोकडून मेजर लीगमध्ये कॅचर म्हणून खेळला. मग १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असं ६ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं. त्याच दिवशी नेवार्कमधल्या सामन्यात शिकागोच्या कॅप ॲन्सनची टीम कृष्णवर्णीय पिचर जॉर्ज स्टोव्हीसमोर उतरायला तयार नव्हती. त्यानंतर कागदाची गरज उरली नाही. टिपणात 'नियम' न लिहिता 'समजूत' लिहा.

आता वेळापत्रक. यात ढिसाळपणा शोधू नका, मैदान कुणाचं ते शोधा.

रूब फॉस्टरने १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतल्या पॅसिओ वायएमसीएच्या इमारतीत मालकांना बसवून नीग्रो नॅशनल लीग उभी केली. आठ टीम. पहिला सामना २ मे रोजी इंडियनापोलिसमध्ये, एबीसीजनी शिकागो जायंट्सना ४-२ ने हरवलं. आता हे बघा: आठांपैकी शिकागो जायंट्स आणि क्यूबन स्टार्स यांना स्वतःचं मैदानच नव्हतं, ते कायम बाहेरगावी. ज्यांना होतं त्यातल्या बऱ्याच जणांचं भाड्याचं, गोऱ्यांच्या मायनर लीग (मेजरच्या खालच्या स्तरावरच्या) टीमकडून घेतलेलं. गोरी टीम दौऱ्यावर गेली की तुमची तारीख. मग १५४ सामन्यांचं सरळ वेळापत्रक बसवायचं कसं? कुणाचे ८० सामने व्हायचे, कुणाचे ४०, आणि गुणतक्ता टक्केवारीवर लावायचा.

त्यात पैसा रविवारीच. प्रेक्षक कामगार, आठवडाभर कारखान्यात किंवा कत्तलखान्यात. म्हणून रविवारी मोठ्या शहरात लीगचा डबलहेडर आणि सोमवार ते शनिवार वाटेतल्या गावांत मिळेल ते. या मधल्या सामन्यांवर पगार निघायचे. नुसत्या लीगवर टीम जगली नसती. तारखा वाटायचं काम फॉस्टरच्या हाती, आणि त्याबद्दल गेटच्या वसुलीतले पाच टक्के त्याचे. तो स्वतः अमेरिकन जायंट्सचाही मालक, म्हणून बाकीच्यांची कुरकुर: चांगले रविवार शिकागोलाच कसे जातात? कुरकुरीत तथ्य होतं. पण दुबळ्या टीमला पगारासाठी उसने पैसे देणाराही तोच. १९२६ साली तो मानसिक आजाराने रुग्णालयात गेला, डिसेंबर १९३० मध्ये वारला, आणि १९३१ च्या हंगामानंतर लीग संपली. मंदी होतीच, पण एका माणसाच्या डोक्यात असलेला कारभार त्या डोक्याबरोबर गेला, हेही खरं.

प्रवास धरा. टीमकडे १४ ते १८ माणसं, मेजर लीगकडे २५. रात्रभर बस, कारण वाटेतली हॉटेलं खोली देत नाहीत आणि खानावळीत मागच्या दारातून पुडकं मिळालं तर मिळालं. दुसऱ्या दिवशी दोन सामने. पिचर कमी, म्हणून काल टाकलेला आज आउटफिल्डला. टेड रॅडक्लिफ डबलहेडरमध्ये एका सामन्यात कॅचर आणि दुसऱ्यात पिचर, म्हणून त्याचं नावच 'डबल ड्यूटी' पडलं. क्यूबाचा मार्टिन दिहिगो तर बहुतेक प्रत्येक जागी खेळला. लोक याला अष्टपैलुत्व म्हणतात. त्यामागे पगारपत्रकही होतं.

दिव्यांचं उदाहरण द्याच. मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी १९३० साली फिरते दिवे करून घेतले: ट्रकवर आडवे ठेवलेले खांब, मैदानावर नेऊन उभे केले की सुमारे पन्नास फूट, आणि सेंटरफिल्डच्या मागे इंजिनावर चालणारा जनरेटर. त्याची घरघर एवढी की खेळाडूंना एकमेकांच्या हाका ऐकू येईनात. २८ एप्रिल १९३० रोजी ओक्लाहोमातल्या ईनिडला पहिला सामना. मेजर लीगमध्ये दिव्यांखाली पहिला सामना २४ मे १९३५ रोजी, सिनसिनाटीत. विल्किन्सनचा हिशेब साधा होता: कामगार दिवसा येऊ शकत नाही, तर खेळ त्याच्या वेळेला न्या. मात्र उजेड अपुरा. २ ऑगस्ट १९३० रोजी कॅन्सस सिटीत याच दिव्यांखाली ग्रेजच्या स्मोकी जो विल्यम्सने १२ इनिंगमध्ये २७ स्ट्राइकआउट घेतले आणि ग्रेज १-० ने जिंकले. समोर चेट ब्रूअरचे १९. विल्यम्स महान पिचर होता, यात वाद नाही. पण तो आकडा छापताना शेजारी दिव्यांचा उल्लेख हवाच.

कात्रणशास्त्री:

गल्लापेटींनी मैदानाचं भाडं सांगितलं, त्याची दुसरी बाजू: भाडं घेणारे कोण? मेजर आणि मायनर लीगचे मालक. १९४६ च्या एका अंतर्गत अहवालात न्यूयॉर्क यांकीजच्या व्यवस्थापनाने नीग्रो लीगच्या टीमना स्टेडियमं देऊन वर्षाला सुमारे एक लाख डॉलर सुटतात असं म्हटलं होतं. त्यामुळे समजूत मोडण्यात त्यांना घाई नव्हती. भेदभावाची कारणं लिहाल तेव्हा वंशद्वेषाबरोबर हा गल्लाही लिहा.

गल्लापेटी:

बरोबर. आता रॉबिन्सनवर येतो.

रॉबिन्सन १९४५ साली मोनार्क्सकडे महिना ४०० डॉलरवर होता. २८ ऑगस्टला डॉजर्सचा प्रमुख ब्रँच रिकी याने ब्रुकलिनमध्ये त्याला भेटायला बोलावलं, २३ ऑक्टोबरला डॉजर्सच्या हाताखालच्या माँट्रिऑल टीमशी करार जाहीर झाला: महिना ६०० आणि वर ३५०० बोनस. मोनार्क्सला काय मिळालं? काही नाही. रिकीचं म्हणणं, यांचे करार करारच नाहीत. मेजर लीगच्या करारात पुढच्या हंगामाचा हक्कही मालकाकडे ठेवणारं कलम असे. नीग्रो लीग्जमध्ये ते नसायचं किंवा असलं तरी पाळलं जायचं नाही. १९३७ साली डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी पैसे दाखवले तेव्हा पेज आणि बेल क्रॉफर्ड्स सोडून डॉमिनिकन रिपब्लिकला गेले, नुकताच ग्रेजकडे गेलेला गिब्सनही गेला, क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली बघत राहिला. खेळाडूंच्या बाजूने ते योग्यच होतं. पण दहा वर्षांनी त्याच सैल करारांची किंमत टीमना मोजावी लागली. रिकीने नेवार्क ईगल्सचा डॉन न्यूकम असाच फुकट नेला.

ईगल्सच्या सहमालकीण एफा मॅन्ली यांनी आवाज उठवला, तेव्हा क्लीव्हलँडचा मालक बिल वीक याने जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबीचे पैसे दिले: १० हजार, आणि तो टिकला तर आणखी ५. माँटी अर्व्हिनसाठी मेजर लीगच्या न्यूयॉर्क जायंट्सकडून ५ हजार मिळाले. त्याच दर्जाच्या गोऱ्या खेळाडूला किती पडले असते याचा हिशेब मॅन्ली बोलून दाखवत आणि तो हिशेब ऐकणाऱ्यांना आवडत नसे. २००६ साली त्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या, तिथल्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव स्त्री.

म्हणून तुमचं एका वाक्याचं सूत्र अर्धंच आहे. रॉबिन्सन एकटा गेला म्हणून लीग बुडाली नाही. १९४६ साली ईगल्सनी मोनार्क्सना ४-३ ने हरवून नीग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली, त्या वर्षी त्यांच्या घरच्या सामन्यांना एक लाख वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक. १९४७ साली सत्तावन्न हजार. नेवार्कहून ब्रुकलिन जवळ. लोक रॉबिन्सनला बघायला तिकडे गेले आणि साप्ताहिकांची पहिली पानंही त्याच्याबरोबर गेली. गेट पडलं, त्यात विकायला तयार केलेला खेळाडू फुकट किंवा कवडीमोलाने जायला लागला. दोन्ही उत्पन्नं एकदम आटली. १९४८ च्या हंगामानंतर ईगल्स आणि ब्लॅक यांकीज बाहेर पडले, ग्रेजनी लीग सोडली, नीग्रो नॅशनल लीग संपली. नीग्रो अमेरिकन लीग पुढे दहा-बारा वर्षं रखडत चालली. १९५३ साली क्लाउन्सनी टोनी स्टोनला सेकंड बेसवर उतरवलं, तेव्हा गर्दी खेचणं हा हेतू उघड होता. पण ती खेळत होती पुरुषांच्याच पिचिंगवर.

आणि 'दारं उघडली' असं लिहिण्याआधी एक तारीख बघा: बॉस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्पसी ग्रीन, २१ जुलै १९५९ रोजी उतरवला. रॉबिन्सननंतर बारा वर्षांनी. तोवर टीमगणिक एखाददुसरा. जो तरुण होता तो निभावला. तिशी उलटलेले शेकडो खेळाडू ना इकडचे राहिले ना तिकडचे. गिब्सन तर २० जानेवारी १९४७ रोजी वारला, पस्तिसाव्या वर्षी. रॉबिन्सन उतरला १५ एप्रिलला.

टिपणवही:

टिपण दुपटीने लांबणार असं दिसतंय. 'नियम' काढून 'समजूत' केलं, 'ईलाइट' केलं, ८०० आणि पावणेदोनशे दोन्ही ठेवले, प्रत्येकाशेजारी काय मोजलंय ते लिहिलं. एकच विचारतो: २०२४ च्या बदलात आपल्या वाचकाला माहीत असलेल्या एखाद्या खेळाडूचा आकडा हलला का? गिब्सन नाव इथे फार कुणाला माहीत नाही.

हिशेबनीस:

रॉबिन्सनचाच घ्या. १९४५ च्या मोनार्क्सचे ४९ हिट मिळून एकूण १५६७ झाले.

दुसरा विली मेज. सतरा वर्षांचा असताना १९४८ साली बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला, त्याचे १० हिट जमा झाले: ३२८३ चे ३२९३. होमरन मात्र ६६० च राहिले. त्या ऑगस्टमध्ये त्याने एक मारला होता, पण त्या सामन्याचा बॉक्स स्कोअर हाती नसल्यामुळे तो धरला नाही.

कात्रणशास्त्री:

तो सापडला तर ६६१. अलाबामातल्या साप्ताहिकांची फिल्म चाळणाऱ्याने ऑगस्ट १९४८ च्या अंकांत मेज शोधताना आडनावाच्या स्पेलिंगवर अडून राहू नये. 'मेस', 'मेझ' काहीही असू शकतं. आणि ताळेबंद आधी जुळवावा, आनंद नंतर करावा.